बोटभर बाहेर राहिलेली खूण

नळाला पाणी नीट येतंय हे सांगायला मला आजवर एकाही माणसाचा फोन आलेला नाही. अडतीस वर्षं प्लंबिंग केलं. घनसावंगी आणि कुंभार पिंपळगावच्या पट्ट्यात किती न्हाणीघरं उभी केली याची मोजदाद नाही. पण लोकांना माझा नंबर आठवतो तो छतातून थेंब पडायला लागल्यावरच. घर बांधून झालं की सुताराला जेवायला बोलावतात, गवंड्याला टॉवेल-टोपी करतात. प्लंबरलाही वास्तुशांतीला बोलावतात, पण ते टाकी भरली का बघायला.

या अंकाच्या संपादक सरांच्या घरचं सगळं पाइपकाम मीच केलेलं. ते म्हणाले, "युसूफभाई, दिवाळी अंकासाठी लिहा. धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." मी दोन महिने टाळलं. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण लिहायला बसलं की मला नामदेवच आठवतो. नामदेव म्हणजे माझा भागीदार. वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. एकवीस वर्षं आम्ही एकाच पिशवीतले पाने वापरले. या भागात लोक त्याच्या हातावर डोळे झाकून विश्वास टाकायचे. ते त्याचं नाव एका जोडामुळं गेलं, आणि त्या जोडाबद्दल लोक जे सांगतात ते खोटं आहे. म्हणून सरांनी माफ करावं. गमती थोड्या, बाकी हेच.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाइप दुकानातून येतो, नळही दुकानातूनच येतो. प्लंबर करतो तो फक्त जोड. सरळ पाइप कधी गळत नाही, गळतो तो जोड. आमची सगळी इज्जत त्या दोन-चार बोटांच्या जागेत असते आणि काम झालं की ती जागा भिंतीत गाडली जाते. सुतारानं केलेलं दार वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर उभं असतं. आमचं चांगलं काम कुणालाच दिसत नाही. वाईट मात्र भिंत फोडून बाहेर येतं आणि सगळ्या घराला दिसतं.

मी शिकलो तेव्हा लोखंडी पाइप होते. टोकाला डाय लावून आटे पाडायचे, आट्यांवर सूत गुंडाळायचं, वर सफेदा फासायचा आणि पान्यानं आवळायचं. नामदेवनंच मला हे शिकवलं, भागीदारी बऱ्याच वर्षांनी झाली. त्यानं आवळलेला जोड दुसऱ्या कुणाला सुटायचा नाही. मग प्लास्टिक आलं. पाइपाला आणि सॉकेटला सोल्युशन लावायचं, एकात एक घालून थोडा वेळ धरून ठेवायचं, दोन्ही एकजीव होतात. नामदेवनं आधी शिव्या दिल्या, मग तेही माझ्या आधी शिकला.

तिसरी तऱ्हा आली दाबून बसवायच्या जोडाची. दुकानात त्याला पुश-फिट म्हणतात. यात ना आटे, ना सोल्युशन. जोडाच्या तुकड्यात पोलादी दातांचं एक कडं असतं आणि त्याच्या पलीकडं रबराची रिंग. पाइप सरळ कापायचा, कडेची कुसं काढायची, तोंडात आधाराला छोटी नळी घालायची आणि आत ढकलायचा. दात पाइपाला धरतात, रबर पाणी अडवतं. ऐकायला सोपं आहे आणि घात इथंच होतो. आत जाताना पाइपाला आधी दात लागतात. हाताला वाटतं, बसला. ओढून बघावं तर निघतही नाही, कारण दातांनी धरलेलं असतं. पण रबरात तो पुरता गेलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. असा अर्धवट जोड पहिल्या दिवशीच्या तपासणीत पासही होतो. पुढं पाइप तापतो, निवतो, केसभर इकडं-तिकडं सरकतो आणि एक दिवस रबर सोडतो.

म्हणून ढकलायच्या आधी पाइप किती आत जायला पाहिजे ते मोजायचं आणि तिथं पेन्सिलीनं खूण करायची. खूण जोडाच्या तोंडाला टेकली तर जोड बसला. बोटभर बाहेर राहिली तर नाही बसला. हाताला काय वाटतं ते ऐकायचं नाही, खूण काय सांगते ते बघायचं. एवढंच शास्त्र आहे.

हे मला जालन्याला एका कंपनीच्या शिबिरात शिकवलं. आम्ही दोघंही गेलो होतो. शेवटी सगळ्यांनी एकेक जोड करून दाखवायचा होता. माझा पहिल्या फटक्यात जमला, त्यांनी मला फोटो लावलेलं कार्ड दिलं. नामदेव उठलाच नाही. मागच्या खुर्चीत बसून म्हणाला, "पाइप पाइपाला चिटकलाच न्हाई, मंग त्यो जोड कशाचा?" सगळे हसले. मीही हसलो. येताना एसटीत मी ते कार्ड तीनदा खिशातून काढून बघितलं, हे त्यानं बघितलं असणार.

पेन्सिलीची खूण मात्र नामदेवला नवी नव्हती. लोखंडी पाइपाच्या काळापासून तो खुणा करायचा. त्याची खूण म्हणजे पाइपाभोवती पूर्ण गोल कडं. माझी खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्यावर छोटी फुली. शिकत होतो तेव्हा माझं काम वेगळं ओळखू यावं म्हणून त्यानंच मला ती फुली करायला सांगितली होती. पुढं सवय झाली. कुठल्याही भिंतीत कुणाचा जोड कोणता ते आम्हा दोघांना कळायचं. बाकी कुणाला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

आता एक गंमत सांगतो, नाहीतर सर म्हणतील, शब्द पाळला नाही. आमच्या जिल्ह्यात नळाला पाणी म्हणजे सणासारखं, आठ-दहा दिवसांनी येणार. पाइपात पाण्यापेक्षा हवाच जास्त वेळ राहते. अशा एका गावात एका गृहस्थांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलाकडचे शहरातले. यांनी मला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, न्हाणीत शॉवर बसवा. जल्दी पायजे, परवा लोकं येऊन राह्यले." मी म्हटलं, "भिंत फोडून पाइप न्यावा लागंल, परवा कसं होईल?" तर म्हणाले, "पाइप कशाला? शॉवर तेवढा लावा." मी भिंतीत लाकडाचा गुट्टा ठोकून त्यावर शॉवर बसवला. खाली चकचकीत नळ. मागं काही नाही, नुसती भिंत. पाहुणे आले, मुलाचे मामा हात धुवायला गेले आणि त्यांनी हौसेनं नळ फिरवलाच. थेंब नाही. यजमान बाहेरून शांतपणे म्हणाले, "आज आमच्याकडं पाणी यायचा दिवस न्हाई." मामांना पटलं. लग्न झालं. तो शॉवर अजून तसाच आहे म्हणतात.

यावर लोक पोट धरून हसतात. मीही ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगत आलो. नामदेव मात्र त्या कामाला आला नव्हता. "मागं पाइप नसलेला नळ मी न्हाई लावणार," म्हणाला. मी तेव्हा त्याला म्हातारा म्हणालो होतो.

घनसावंगीजवळ नानासाहेबांचा मळा. ऊस, मोठा बंगला, जुनं बागायतदार घराणं. त्यांचा मुलगा अजिंक्य परदेशात इंजिनियर आहे, थंडीच्या देशात. नानासाहेबांच्या पत्नीला सगळं गाव माई म्हणतं. माईंचे पाय हिवाळ्यात बधिर व्हायचे. पहाटे पूजेला उठल्या की फरशीवर पाऊल टेकवत नाही असं फोनवर मुलाला सांगायच्या. अजिंक्यच्या तिकडच्या घरात फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतात. त्यानं ठरवलं, आईच्या खोलीत तसंच करायचं. आमच्याकडं वैशाखात फरशीवर पापड भाजून निघेल, आणि हा म्हणतो खालून आणखी तापवा! गावानं खूप थट्टा केली. पण ज्यांनी माईंचे पाय पाहिले होते त्यांनी केली नाही. मीही नाही केली.

कामाची रीत अशी. जुनी फरशी काढायची, तळाला थर्माकोलसारखा थर टाकायचा, त्यावर लवचिक प्लास्टिकचा पाइप जिलबीसारखा फिरवायचा, वर कोबा आणि मग नवी फरशी. छतावरच्या सोलरचं गरम पाणी लहान पंपानं त्यात फिरवायचं. यातला पहिला नियम म्हणजे फरशीखाली जोड नको. एकच सलग पाइप. जोड काय ते भिंतीजवळच्या पेटीत, डोळ्यांसमोर.

पाइपाची गुंडाळी पुण्याहून आली. आम्ही दोघांनी दोन दिवस गुडघ्यावर रांगून तो पाइप फिरवला. बंगल्यात सगळे येऊन बघून जायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी माल टाकायला आलेल्या एका मजुराचा घमेल्यासकट पाय पडला आणि कपाटाच्या कोपऱ्यात पाइप वाकडा मुडपला. तेवढा तुकडा कापून नवा घालायचा म्हणजे दोन जोड आले, तुकड्याच्या दोन टोकांना दोन.

नामदेव म्हणाला, "नाना, आख्खा पाइप नवा मागवू. फरशीखाली जोड नको. उद्या काय झालं तर फोडल्याबिगर दिसायचं न्हाई."

नानासाहेबांनी अजिंक्यला व्हिडिओवर फोन लावला. नवी गुंडाळी यायला तीन आठवडे लागणार होते आणि दिवाळी आठ दिवसांवर आली होती. अजिंक्य म्हणाला, "नाइलाज असेल तर जोड चालतो, फक्त नीट बसला पाहिजे. युसूफचाचा, तुमच्याकडं कार्ड आहे ना?"

"हाय की," मी म्हटलं. "बिलकुल फिकीर नको. माझा जोड हाये म्हंजे काळजीच न्हाई."

मग नामदेवनं आपणच कातर उचलली. एक टोक त्यानं घेतलं, एक मी. ज्या जोडावर त्याचा विश्वास नव्हता तो त्यानं किती निगुतीनं केला ते मी शेजारी बसून बघितलं. कुसं काढली, टोक फडक्यानं पुसलं, कड्यासारखी गोल खूण केली, ढकलला, खूण तोंडाला टेकली. पुन्हा पाइप फिरवून चारी बाजूंनी बघितली.

त्या दिवशी शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती आणि मशीद मळ्यापासून लांब. मी कापला, रेघ मारली, फुली केली, ढकलला. हाताला बसल्यासारखं वाटलं. ओढून बघितला, निघाला नाही. तेवढ्यात बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि मी उठलो. खूण बघायची राहिली. उठता उठता हे माझ्या ध्यानात आलं, हे मी खोटं सांगणार नाही. म्हटलं, आल्यावर बघू. नमाजाला उभा राहिलो तरी डोळ्यांसमोर तो कोपरा होता.

मी परत आलो तेव्हा नामदेवनं प्रेशरचा काटा लावून तपासणी उरकली होती. तासभर काटा हलला नव्हता. गवंड्यानं कोबा सुरू केला होता. माझ्या जोडापासून माल अजून दोन हात लांब होता. दोन पावलं टाकली असती, वाकलो असतो, तर दिसलं असतं. पण नानासाहेबांनी माझ्या हातात फोन दिला. अजिंक्य म्हणत होता, "युसूफचाचा, एक नंबर काम! आमच्या इकडच्या लोकांना दाखवतो." मी फोनमध्ये बघून हसत उभा राहिलो. थांबा म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं, आणि मग कार्डवाल्या मिस्त्रीला सांगावं लागलं असतं की खूण बघायची राहिली. फोन ठेवला तोवर कोपरा झाकला गेला होता.

दोन हिवाळे माईंनी आम्हाला दुवा दिला. येईल त्याला चपला काढून खोलीत उभं करायच्या, "पाय ठेवून तर बघा," म्हणायच्या. मी त्या घरावरून गेलो की मुद्दाम आत डोकावायचो. तिसऱ्या हिवाळ्यात कपाटाखालची फरशी ओली दिसायला लागली. कुणी लक्ष दिलं नाही, पुसून घेत राहिले. एका पहाटे माई तिथंच घसरल्या. हाड मोडलं नाही, पण महिनाभर खाटेवर होत्या. त्यानंतर त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

फरशी फोडायच्या दिवशी आम्ही दोघं होतो, छन्नी घेऊन गवंडी होता आणि दारात नानासाहेब खुर्ची टाकून बसले होते. कोबा निघाला, खालचा चिखल निघाला आणि दोन्ही जोड उघडे पडले. मी पुढं होतो, मी वाकलो. एका जोडाला नामदेवचं गोल कडं तोंडाला घट्ट टेकलेलं. दुसऱ्या जोडातून पाणी झिरपत होतं, आणि तोंडापासून बोटभर बाहेर एक रेघ, तिच्यावर फुली.

अडतीस वर्षांत मी खूप वेळा भिंती फोडल्या, दुसऱ्याच्या चुका बघून नाक मुरडलं. आपली चूक अशी चिखलात उघडी पडलेली बघायची माझी पहिलीच वेळ होती. मी चिखल काढतोय असं करत अंगठ्यानं ती रेघ घासली. ओल्या प्लास्टिकवरची पेन्सिल, दोन वेळा घासल्यावर गेली.

मग उठून म्हणालो, "ह्यो येक जोड अर्धवट बसलाय."

नानासाहेब वाकून बघायला आले. शहाणा माणूस, कार्डवाले खूण करून जोड बसवतात हे त्यांनी अजिंक्यकडून ऐकलं होतं. म्हणाले, "ह्याच्यावर खूण हाय अन् ह्याच्यावर न्हाई. म्हंजे खूण केलेला कार्डवाल्याचा." मग नामदेवकडं वळले. "नामदेव, तुझा या पाइपावर इश्वासच न्हवता. मन न्हवतं तर हात कशाला लावला रे? माझ्या बायकोचं पाऊल गेलं असतं."

नामदेवनं माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी पान्याचं तोंड सैल करत होतो, उगाच.

"व्हय नाना," तो म्हणाला, "इश्वास न्हवता."

एवढंच. पिशवी न उचलता तो निघून गेला. दुरुस्ती मी केली. त्यानं नीट केलेला जोड माझ्या नावावर गेला आणि मी बिघडवलेला त्याच्या. नानासाहेबांनी मला बसवून चहा पाजला.

आमच्याकडं बातमी जीपमधून फिरते. आठवड्यात कुंभार पिंपळगावपर्यंत पोचली: नामदेवच्या हातानं माई पडल्या. हार्डवेअरच्या दुकानात लोक मिस्त्री विचारायचे तर दुकानदार म्हणायचा, युसूफला न्या, नामदेवचं आता वय झालं. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही, फक्त यायचा थांबला. एकदा बाजारात समोर आला तेव्हा एका गिऱ्हाइकानं माझ्यासमोरच त्याला विचारलं, "काय नामदेव, आता कुणाचं घर पाण्यात घालून राह्यला?" माणसं हसली. मी त्या वेळी हसलो नाही, पण बोललोही नाही. चार-सहा महिन्यांनी त्यानं घर बंद केलं आणि बायकोच्या माहेरी राजूरला गेला. तिथं गणपतीच्या देवळाच्या वाटेवर नारळ-दूर्वांचं दुकान टाकलं. त्याची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं आली.

मी स्वतःला खूप कारणं सांगितली. म्हटलं, आपण शेख, तो त्यांच्यातला. माझं नाव गेलं तर पुन्हा या घरांत कोण घेईल? हे कारण मी बरेच दिवस उशाशी घेऊन झोपलो. पण ते खोटं आहे. अडतीस वर्षं मी या लोकांच्या न्हाणीघरांत, देवघरांत, स्वयंपाकघरांत शिरलो, मला कुणी नावावरून दारातून परत पाठवलं नाही. खरं कारण ते कार्ड होतं. मला लोकांच्या नजरेत नामदेवपेक्षा मोठं व्हायचं होतं, आणि झालो.

माई मागच्या वर्षी गेल्या. मी मातीला गेलो होतो. नानासाहेब माझा हात धरून म्हणाले, "युसूफ, तुझ्यामुळं दोन हिवाळे तरी तिच्या पायांना ऊब राह्यली." मला तिथं उभं राहवेना. त्यानंतर मी काम बंद केलं. गुडघे दुखतात असं सांगितलं, तेही खरंच आहे.

या उन्हाळ्यात राजूरहून फोन आला. चार वर्षांनी पहिल्यांदा.

"युसूफ, वेळ हाय का? घरचा जोड गळून राह्यलाय. माझ्या हाताला कंप आलाय, जमंना."

जालन्याला गाडी बदलून राजूरला जाईपर्यंत मी सगळं मनात जुळवलं. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. चतुर्थी नव्हती, तरी देवळाच्या वाटेवर गर्दी होती. दुकानामागं दोन खोल्यांचं घर, वर पाण्याची टाकी. नामदेव वाळला होता. उजवा हात मांडीवर दाबून ठेवला होता तरी हलत होता. त्यानं मला पाणी दिलं, काम दाखवलं, बाकी काही विचारलं नाही. टाकीखालच्या पाइपासाठी त्यानं दाबून बसवायचा जोड आणलेला बघून मला नवल वाटलं.

"भाऊ, तू पुश-फिट?"

"सोल्युशन लावायला हात थिर लागतो. म्हटलं, ह्ये नुसतं ढकलायचं. पर ढकलायलाबी जोर लागतो."

मी पाइप कापला. कुसं काढली. पेन्सिलीसाठी खिसे चाचपले, सापडली नाही. नामदेवनं दुकानात बांधून ठेवलेली पेन्सिल दोरा तोडून माझ्यासमोर धरली.

"खूण कर," तो म्हणाला. "अन् या वक्ताला पुसून टाकू नको."

मी पेन्सिल घेतली. विचारलं, "तुला तवाच कळलं व्हतं?"

"तू वाकला तवा मी तुझ्या मागंच उभा व्हतो. फुली दिसली मला."

"मंग बोलला का न्हाई, भाऊ?"

"माझं कोण ऐकत व्हतं? कार्ड तुझ्याजवळ व्हतं. तू बोलला असता तर ऐकलं असतं." मग म्हणाला, "येक चूक माझीबी झाली. तू नमाजला गेल्ता तवा काटा मीच लावला. माझा जोड बघितला, तुझा न्हाई बघितला. तुझा काय बघायचा, असं वाटलं."

मी रेघ मारली, फुली केली आणि ढकलला. दात लागले, तिथं हात थांबत होता, तरी आणखी जोर लावला. खूण तोंडाला टेकली. नामदेवनं वाकून ती चारी बाजूंनी बघितली. मी म्हटलं, "भाऊ, मला माफ कर." दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, तो नारळ द्यायला उठून गेला. मी थोडा वेळ टाकीखाली बसलो आणि निघालो. त्यानं थांब म्हटलं नाही.

माफ केलं की नाही मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्कही मला नाही. मला जे करता येतं ते करतोय. हा अंक दर दिवाळीला आमच्या भागात घरोघर जातो, हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर पडलेला असतो, नानासाहेबांच्या बैठकीतही असतो. नानासाहेब, तुमचे डोळे आता अधू झालेत, हे कुणाकडून तरी वाचून घ्या. माईंच्या खोलीत कोपऱ्यातल्या दोन जोडांपैकी जो नीट होता तो नामदेवचा. जो गळला तो माझा. त्याच्यावर खूण होती. ती मी पुसली.